काटा काढणे

मराठीत 'काटा' हा शब्द ज्याने कोणी प्रथम वापरात आणला, तो माणूस मोठा काटकसरी असला पाहिजे. पायात मोडतो तो काटा, घड्याळात फिरतो तोही काटा, बोंबलात सापडतो तोही काटा, वाण्याच्या दुकानात आपल्या विरुद्ध बाजूला झुकतो तोही काटा आणि भुताची गोष्ट ऐकली की अंगावर उभा राहतो तोही काटाच! 'काटा काढणे' हा प्रकार तर त्याहून मासलेवाईक. डॉक्टरने आपल्या पायातला काटा काढला तर आपण त्याला फी देतो. कुणी आपलाच काटा काढला तर पोलीस पंचनामा करतात. परवा आमच्या मोटारीतले काटे काढायची वेळ आली, तेव्हा या दोहोंपैकी आपण नेमकं कोणतं कृत्य करतो आहोत, हे मला बराच वेळ उमगलं नाही.

मोटार म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी. जन्मसाल १९७९. आमचे चिरंजीव तिला 'क्लासिक कार' म्हणतात, शेजारीपाजारी 'ती हिरवी' म्हणतात आणि आमच्या घरात तिला नुसतंच 'गाडी' म्हणतात, कारण दुसरी कधी झालीच नाही. वालचंद हिराचंदांच्या कारखान्यात कुर्ल्याला ह्या गाड्या तयार होत. मूळची इटालियन फियाट, पण कुर्ल्याचं पाणी पिऊन पक्की मुंबईकर झाली. हिच्या आधीच्या पिढीतल्या एका गोलमटोल बहिणीला तर लोक प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत. पुढे चितोडच्या राणीच्या नावावरून हिचं 'पद्मिनी' असं बारसं झालं. गाडी त्या काळी दुकानात जाऊन विकत घ्यायची वस्तू नव्हती. नंबर लावायची वस्तू होती. बाबांनी नंबर लावला तेव्हा माझी मुंज व्हायची होती. गाडी दारात आली तेव्हा मला मिसरूड फुटलेलं होतं.

बाबा सरकारी हिशेबतपासनीस. दुसऱ्याच्या वहीतली दीड आण्याची चूक शोधण्यात त्यांची उभी हयात गेली. त्यामुळे गाडीच्या डॅशबोर्डवरच्या काट्यांवर त्यांचा भारी लोभ. वेगाचा काटा, पाण्याच्या गरमीचा काटा, पेट्रोलचा काटा. 'यंत्र खोटं बोलत नाही,' असं ते म्हणत. माणसांचा अनुभव असलेल्याने असंच म्हणायला हवं.

पण ह्या काट्यांपैकी पेट्रोलचा काटा आमच्या आईच्या पायात नाही तरी जीवात मोडला. आम्ही पार्ल्याहून दापोलीला, म्हणजे बाबांच्या गावी निघालो, की आई बाबांच्या शेजारी बसे आणि पेण येईपर्यंत तिचं लक्ष रस्त्यावर नसे, झाडांवर नसे, मागे मारामारी करणाऱ्या आम्हा भावंडांवरही नसे. ते त्या काट्यावर खिळलेलं असे.

"अहो, पाव झालं."

"पाव नाही गं. पावाच्या थोडं वर आहे."

"थोडं म्हणजे किती?"

ह्या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही हिशेबतपासनिसाकडे उत्तर नाही. त्यातून कशेडीचा घाट. पेट्रोलच्या टाकीत एक तरंगा असतो, तो पेट्रोलबरोबर वरखाली होतो आणि काट्याला खबर देतो. गाडी घाटात कलली की टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि काट्याचीही पंचाईत होते. चढावर काटा एकीकडे, उतारावर दुसरीकडे, आणि त्याच्याबरोबर आईचा चेहरा. बाबा बिचारे समोरून येणारी एस.टी. बघणार, की आईला आर्किमिडीज समजावणार!

१९८३ च्या मे महिन्यात तो काटा गेला. गेला म्हणजे अगदी तळाशी जाऊन निपचित पडला, तो उठेचना. बाबांनी शेरा मारावा तसं जाहीर केलं, "काटा निकामी झाला आहे. बाजारात पार्ट नाही. यापुढे पेट्रोलचा हिशेब वहीत." त्या काळात 'बाजारात नाही' हे उत्तर कुठल्याही वस्तूला चालत असे. फोन नाही, गॅस नाही, सिमेंट नाही, तिथे काटा नसला तर नवल काय! तांबड्या पुठ्ठ्याची एक लांबट वही डॅशबोर्डच्या खणात आली. तारीख, किलोमीटर, किती लिटर भरलं, पुढे कुठे भरायचं. गाडी त्या दिवसापासून कायम रिकाम्या टाकीच्या खुणेवर चालू लागली आणि एकदाही रस्त्यात थांबली नाही.

गंमत अशी, की काटा पाव दाखवायचा तेव्हा जिचा जीव टांगणीला लागायचा, ती आमची आई काटा शून्यावर बसल्यावर निवांत झाली. खिडकीतून बाहेर बघू लागली. वाटेत करवंदं घ्यायला गाडी थांबवू लागली. संकटाचं असंच असतं. ते हळूहळू येत असलं की झोप उडते; ते कायमचं मुक्कामाला आलं की त्याला आपण चहा विचारतो.

ही झाली पूर्वपीठिका. आता वालीव.

बाबा २००६ साली गेले. गाडी माझ्याकडे आली आणि माझ्याबरोबर वसईला आली. वसईच्या खाऱ्या हवेने तिच्या काट्यांच्या काचेवर मोतीबिंदू धरला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे सगळे काटे काढून टाकू या. मस्त स्क्रीन बसवू. सगळं डिजिटल." मी कायद्याचा आधार घेतला. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला, की पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल. मात्र ती मूळ रूपात हवी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. आमच्या गाडीला पन्नाशी लागणार २०२९ साली. "तोवर तिला हात लावायचा नाही," असं मी ठणकावलं. शेवटी तह झाला. काटे काढायचे, स्वच्छ करायचे आणि तेच परत बसवायचे.

वसई स्टेशनाच्या पूर्वेला हमरस्त्याच्या दिशेने निघालं, की वालीव लागतं. कधीकाळी तिथे गाव होतं, आता गाळे आहेत. वालीवला माणसाचा पत्ता विचारला तर त्याच्या नावाआधी गाळा नंबर सांगावा लागतो. एका गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या जन्माला येतात, शेजारच्या गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके, त्याच्या शेजारी कुणी दिवसभर पत्र्याला भोकं पाडत असतं. अशाच एका गाळ्याच्या कडेला आमच्या मेस्त्रींचं बस्तान आहे. आयुष्यभर मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीच दुरुस्त करत आले. पद्मिनीच्या पोटात डोळे मिटून हात घालतील. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदलेली होती. टॅक्सीला आयुष्य वीस वर्षांचं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईतून ती जात संपली. मेस्त्री म्हणतात, "साहेब, पेशंट संपले. आता फक्त तुमच्यासारखे शौकीन राहिले." शौकीन हा शब्द ते अशा काही सुरात म्हणतात, की ऐकणाऱ्याला डॉक्टर दाखवावासा वाटतो.

काटे काढायचं काम मी पहिल्यांदाच पाहिलं. आधी बॅटरीची वायर सोडली. म्हणजे पेशंटला भूल दिली. मग डॅशबोर्डच्या मागे हात घालून, न बघता, नुसत्या बोटांनी एक गोल नट फिरवला आणि वेगाच्या काट्याची केबल सुटून आली. ही केबल गिअरबॉक्सपासून येते. तिच्या आत एक तार फिरत असते. तारेच्या टोकाला काट्याच्या पोटात एक लोहचुंबक फिरतो आणि त्याच्यावर एक हलकी ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. पण चुंबक फिरू लागला की वाटीत आपोआप विजेचे प्रवाह उठतात आणि ती त्याच्यामागे ओढली जाते. तेवढ्यात केसासारखी एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ह्या ओढाताणीत वाटी जिथे थबकते तिथे काटा उभा राहतो आणि आपण म्हणतो, साठचा स्पीड आहे. १९०२ साली ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने ह्याचं पेटंट घेतलं. एकमेकांना न शिवता एक ओढतो आहे, दुसरा खेचला जातो आहे आणि तिसरी कुणी त्याला मागे ओढते आहे; एकत्र कुटुंबाचं इतकं नेमकं वर्णन मी आजवर कुठल्या कादंबरीतही वाचलेलं नाही.

सगळे काटे वर्तमानपत्रावर मांडले गेले आणि गाडी कवळी काढून ठेवलेल्या आजोबांसारखी दिसू लागली. मला 'मिलिंदपञ्हा'तला नागसेन आठवला. मिलिंद राजा त्याच्याकडे रथात बसून आला, तेव्हा त्याने विचारलं, की राजा, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला आणि कोड्यात पडला. काट्यांबद्दल नागसेनाने विचारलं नाही. रथाला काटे नव्हते, म्हणून राजा स्वस्तात सुटला.

तेवढ्यात मेस्त्रींनी किलोमीटरच्या आकड्यांवर फडकं फिरवलं आणि न्हाव्याने 'मिशी किती ठेवू' विचारावं इतक्या सहज विचारलं, "साहेब, उघडलाच आहे. किती ठेवू?"

मी पाहिलं. ६१,३०४. आमच्या मीटरला आकडे पाचच. लाख झाले की बिचारा सगळं विसरून शून्यापासून सुरुवात करतो. बाबांच्या वहीत १९९१ साली एक नोंद आहे : 'आज लाख पूर्ण. पेढे आणले.' म्हणजे खरा आकडा १,६१,३०४. पण तोही खरा नव्हे. कारण बाबा गेल्यावर सहा महिन्यांत केबल तुटली. त्यानंतर गाडी जी काही चालली ती बिनहिशेबी. मी केबल बदलली नाही. आळस म्हणा.

"विकायची असेल तर वीस हजारावर ठेवतो. चांगला भाव येईल," मेस्त्री म्हणाले.

ही विद्या नवी नसावी. दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रूव्हियस नावाच्या रोमन माणसाने अंतर मोजणारी गाडी लिहून ठेवली आहे. दर मैलाला एक खडा भांड्यात पडायचा. मुक्कामी पोचल्यावर खडे मोजायचे. त्यातले चार खडे वाटेत काढून ठेवणारा मेस्त्री त्या काळीही कुठल्या तरी वालीवला बसलेला असणारच. आपल्याकडे मात्र ह्या बाबतीत व्यवस्था कडक होती. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं अधांतरी चालायचा. 'नरो वा कुंजरो वा' झालं आणि रथ धपकन जमिनीला टेकला. किलोमीटर न मोजता चालकाचं खोटं मोजणारा मीटर तेवढ्या एकाच गाडीला बसवलेला होता. प्रीमियर कंपनीने ती सोय ठेवली नाही, हे गिऱ्हाइकांवर तिचे उपकार आहेत.

"आहे तोच ठेवा," मी म्हणालो. परक्याला फसवायचं नाही, एवढं नीतिशास्त्र मला विचार न करताही येतं. तिथे काही प्रश्नच नव्हता. प्रश्न पुढच्या पाच मिनिटांत आला.

मेस्त्रींनी पेट्रोलचा काटा बॅटरीला लावून पाहिला. चाळीस वर्षं मेलेला तो काटा चटकन उठून उभा राहिला.

"साहेब, हा तर जिता आहे."

मग त्यांनी डॅशबोर्डच्या मागून एक वायर अलगद पुढे ओढली. तिच्या टोकाला औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आता पिवळी पडलेली. वर दोऱ्याचे वेढे, शेवटी गाठ. सरकारी फायलीला मारतात तशी.

"ही तुटलेली नाही," मेस्त्री म्हणाले. "काढलेली आहे."

मी ती गाठ ओळखली. आमच्या घरातल्या सगळ्या जुन्या कागदांना तीच आहे.

मेस्त्रींना तरंगा साफ करायला दोन दिवस हवे होते. मी रिक्षाने घरी निघालो. वालीवच्या रस्त्यावर रिक्षात बसून तत्त्वचिंतन करणं सोपं नाही. प्रत्येक खड्ड्याला सिद्धान्त बदलतो. तरी मी विचार करत होतो. 'यंत्र खोटं बोलत नाही' म्हणणाऱ्या माणसाने यंत्राचं तोंड बांधून ठेवलं. दीड आण्याची चूक न सोडणाऱ्याने बायकोला तेवीस वर्षं सांगितलं, की बाजारात पार्ट नाही. जर्मनीत कांट म्हणून एक तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने १७९७ साली एक निबंध लिहिला, की खुनी माणूस तुमच्या मित्राचा पत्ता विचारत दारात आला, तरी त्याच्याशीसुद्धा खोटं बोलता येणार नाही. हा कांट आमच्या काट्यापेक्षा टोकदार. पण कांट जन्मभर अविवाहित होता. पेण ते कशेडी त्याच्या शेजारी बसून 'थोडं म्हणजे किती' असं त्याला कोणी विचारलेलं नव्हतं.

घरी आल्यावर आईला सांगावं की नाही, हा दुसरा प्रश्न. आई आता नव्वदीच्या घरात आहे. ती माळ ओढत बसली होती. मी म्हटलं, "आई, तो पेट्रोलचा काटा बिघडलेला नव्हताच. बाबांनी वायर काढून ठेवली होती."

तिने माळ थांबवली नाही. "ठाऊक आहे," म्हणाली.

"तुला कधी कळलं?"

"काटा बिघडला म्हणाले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे दोरा मागितला होता. ते स्वतःच्या शर्टाला कधी बटण लावायचे नाहीत. गाडीत जाऊन काय शिवणार होते?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"त्यांनी एवढा खटाटोप केला, मग म्हटलं राहू दे. आणि वही होती की खणात. ते पान घ्यायला उतरले की मी बघून घ्यायची. किती भरलं, पुढे कुठे भरायचं, सगळं लिहिलेलं असायचं. ती वही त्यांनी कधी लपवली नाही." आणि मग तिने बोटं थांबवली. "लपवली असती तर मी बोलले असते."

मी आत जाऊन बसलो. कारण मला २००६ साल आठवत होतं, आणि त्याला गाठ मारलेली नव्हती.

त्या वर्षी मे महिन्यात बाबांचे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी मला केबिनबाहेर बोलावून सांगितलं, की तीन-चार महिने. संध्याकाळी स्वयंपाकघरात आमची बैठक झाली. बाबांना सांगायचं नाही, असं सर्वानुमते ठरलं. सर्वांत बाबा नव्हते. 'खचतील' असं प्रत्येक जण म्हणाला आणि प्रत्येकाला मनातून आपण खचू अशी भीती होती. फाईल माळ्यावर गव्हाच्या डब्यामागे गेली. बाबांना सांगितलं, की पोटाला जुनी सूज आहे, औषधाने उतरेल. आम्ही त्यांच्या डॅशबोर्डवरचा काटा काढला.

बाबांच्या मनात दापोलीला जायचं होतं. माझ्या काकांशी त्यांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. हातभर बांधावरून. मे महिन्यातच ते म्हणाले होते, "एकदा जाऊन ते मिटवून टाकावं म्हणतो." मी म्हणालो, "आता पावसाळा तोंडावर आलाय. गणपतीनंतर जाऊ. तोवर सूज उतरेल." ते ठीक म्हणाले. टाकीत पेट्रोल आहे असं ज्याला सांगितलेलं असतं, तो पुढच्या पंपावर थांबायला तयार होतो.

जूनमध्ये एकदा त्यांनी विचारलं, "अरे, ती माझी फाईल कुठे आहे?"

"डॉक्टरांकडे आहे," मी म्हटलं.

पस्तीस वर्षं ज्या माणसाने 'कागद साहेबांकडे आहेत' हे उत्तर ऐकलं आणि त्या उत्तरावरून अपहार शोधून काढले, त्याला मी हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. त्या 'बरं'चा अर्थ मी अजून लावतो आहे.

बाबा श्रावणात गेले. गणपती यायचे होते. काका तेराव्याला आले, दारातच उभे राहिले आणि मला एवढंच म्हणाले, "एक पत्र टाकलं असतंस तर मी आलो असतो रे." त्यांचाही काटा आम्ही काढला होता. त्यांना आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की आम्ही केलं ते मायेने केलं. ते खरंही आहे. वायरला चिकटपट्टी लावणाऱ्या बाबांची मायाही तसलीच होती. मग फरक कुठे? तो मला आईने माळ ओढता ओढता सांगितला. बाबांनी काटा काढला, पण मोजणं सोडलं नाही. काळजी वाहायचं काम आईकडून काढून स्वतःच्या अंगावर घेतलं, प्रत्येक लिटर लिहून ठेवला आणि वही हाताला लागेल अशी ठेवली. आईला बघायचं नसेल तर दिसत नव्हतं. बघायचं असेल तर अडवणारं कोणी नव्हतं. आम्ही काटा काढला, मोजणं देवावर सोपवलं आणि वही माळ्यावर टाकली. ज्याला बघायची होती त्याने मागितली, तेव्हा नाही म्हणालो. खोटं बोललो ते 'जुनी सूज' म्हटलं तेव्हा नव्हे. ते मी कदाचित पचवलं असतं. खोटं बोललो ते फाईल मागितल्यावर.

प्रत्येकाला सगळे काटे सतत दाखवत बसावं, अशा मताचा मी नाही. आता माझंही वय झालं. आमच्या सौ.ने माझ्या रक्तदाबाचं यंत्र कपाटात ठेवलं आहे, कारण मी दिवसातून सात वेळा मोजत होतो. तिने बरोबर केलं. पण तिने ते कपाटात ठेवलं आहे, आणि कपाटाची किल्ली तिथेच लटकते आहे. किल्ली लटकत राहिली पाहिजे, एवढंच माझं नीतिशास्त्र. कांटच्या मानाने ते फार लहान आहे, पण ते पद्मिनीत मावतं.

शनिवारी गाडी आणायला निघालो तर आई म्हणाली, "मी पण येते." तिला रिक्षातून वालीवला नेणं म्हणजे स्वयंपाकघरातली काचेची बरणी बैलगाडीतून नेण्यासारखं होतं, पण ती ऐकणाऱ्यांपैकी नाही. मेस्त्रींनी तिच्यासाठी गाळ्यातली एकुलती एक खुर्ची पुसून दिली. काटे जागेवर बसले होते. काचेचा मोतीबिंदू गेला होता. नवी केबल घातली होती. आकडा तोच होता, ६१,३०४. फक्त ती वायर त्यांनी बाहेर काढून ठेवली होती.

"जोडू का साहेब?"

मी आईकडे पाहिलं. आई मेस्त्रींकडे बघून म्हणाली, "जोडा. आता दोरा मागायला कोणी नाही."

मेस्त्रींनी ती चिकटपट्टी सोडवली. टाकून देणार होते, ती मी मागून घेतली. किल्ली फिरवली आणि चाळीस वर्षांनंतर काटा तळातून हळूहळू वर आला. जड झोपेतून उठलेल्या माणसासारखा, जरा थरथरत. मी खणातून वही काढली. बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली, ६१,३०४ लिहिलं आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात, हिशेबतपासनिसाच्या मुलाला शोभेल अशा अक्षरात लिहिलं : 'मध्यंतरी मोजदाद ठेवलेली नाही.' वही मिटून परत खणात ठेवली. खणाला कुलूप नाही.

आई शेजारी बसली. हमरस्त्याकडे पाठ करून आम्ही घराकडे निघालो. वालीव नाका येईपर्यंत तिचं लक्ष रस्त्यावर नव्हतं, दुकानांवर नव्हतं, माझ्यावरही नव्हतं.

"अरे, पाव झालंय."

"पाव नाही गं आई. पावाच्या थोडं वर आहे."

"थोडं म्हणजे किती?"